संगणकाचे ‘बूट’ प्रकरण

‘बूट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायातले बूट येतात. संगणकाच्या बाबतीतला ‘बूट’ही तेथूनच आला आहे असे सांगितले, तर आमच्या वर्गातल्या मैत्रिणी हसतात. पण गोष्ट खरी आहे. उंच बुटाच्या काठाला मागे एक बंद असतो. तो धरून बूट पायात ओढून घ्यायचा. तोच बंद धरून माणसाने स्वतःलाच वर उचलावे, अशी एक अशक्यप्राय कल्पना इंग्रजीत रूढ होती. १९५० नंतरच्या दशकात संगणकवाल्यांनी ती आपल्या कामासाठी उचलली. आपल्याकडे या कल्पनेला चांगला जोड आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नटाचा दृष्टान्त दिला आहे : नट कितीही शिकलेला असला तरी स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही. संगणकापुढे नेमकी हीच अडचण असते. त्याला काहीही करायचे तर आज्ञावली हवी. आज्ञावली असते हार्ड डिस्कवर. आणि डिस्कवरून ती वाचून घ्यायची तर त्यालाही आज्ञावलीच हवी! मग पहिली आज्ञावली वाचायची कोणी?

यावर तोड अशी की, एक छोटी आज्ञावली यंत्राच्या मुख्य पट्टीवरच्या चिपमध्ये कायमची ठेवून दिलेली असते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीत तिचे नाव ‘बायोस’ होते. अलीकडच्या यंत्रांत तिची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे, पण बोलताना सगळे अजून बायोसच म्हणतात, मीही तसेच म्हणेन. बटण दाबले की बायोस प्रथम घरची तपासणी करते : स्मृती आहे का, कळफलक आहे का, पडदा आहे का. मग कारभार कोणाच्या हाती सोपवायचा ते शोधायला निघते. तिच्याजवळ एक यादी असते. पहिल्या दारी गेली, तेथे सुरू होण्याजोगे काही मिळाले, तर कारभार त्याच्या स्वाधीन. न मिळाले तर दुसरे दार. या लेखातली सारी करामत त्या यादीतला क्रम बदलण्याची आहे.

हा खटाटोप मला का करावा लागला ते सांगते. आमच्या विभागातल्या संगणकाची हार्ड डिस्क गेल्या पावसाळ्यात कायमची बसली. बाकी यंत्र ठणठणीत. याच यंत्रावर जात्यावरच्या ओव्या ध्वनिफितींवरून ऐकून लिहून काढण्याचे काम चालते. सुदैवाने मजकुराच्या प्रती दुसरीकडे होत्या, पण काम थांबले. ज्यांच्या घरी संगणक नाही अशा आम्हा मुलींना तेवढे एकच यंत्र. मोबाइलवर चाळीस पानांची ओवी-सूची करून पाहावी म्हणजे कळेल. नव्या यंत्राची मागणी गेली, ती अद्याप कागदावर आहे. तेव्हा पेन-ड्राइव्हवर लिनक्स घालून यंत्र त्यावरूनच चालवायचे ठरले. लिनक्स विनामूल्य आहे, जुन्या यंत्रावर चालते, आणि मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आधीपासून असतो.

पेन-ड्राइव्हवरून यंत्र एकदा सुरू करणे सोपे आहे. सुरू होताना ठराविक कळ दाबली, पुष्कळ यंत्रांत ती एफ-१२ असते, की ‘आज कोठून सुरू होऊ?’ अशी यादी येते. पण ती कळ दोन-तीन सेकंदांत दाबावी लागते, आणि हे रोज करावे लागते. दुपारी ओव्या लिहायला बसणाऱ्या मुलीला ओवी कळते. तिला एफ-१२ कळावी अशी अपेक्षा का ठेवायची? शिवाय मी या वर्षी तृतीय वर्ष संपवून जाणार. म्हणून क्रमच कायमचा बदलला.

त्यासाठी बायोसच्या आतल्या पानावर जावे लागते. तिथली कळ प्रत्येक कंपनीची निराळी. डेलच्या डेस्कटॉपला एफ-२, एचपीच्या एफ-१०, लेनोव्होच्या थिंकसेंटरला एफ-१, आणि जुळणी करून घेतलेल्या पुष्कळ यंत्रांना डिलीट. बटण दाबल्याबरोबर ती कळ टकटक दाबत राहावे. आत ‘बूट’ नावाचे पान असते. तेथे क्रमांक एकवर पेन-ड्राइव्ह आणायचा, एफ-१० ने जतन करायचे आणि बाहेर पडायचे. पेन-ड्राइव्ह आधीच खोचलेला हवा. नसेल तर यादीत त्याचे नावच दिसत नाही.

इतके सरळ असते तर लेख येथेच संपला असता. पहिली मेख म्हणजे एकच पेन-ड्राइव्ह यादीत दोनदा दिसतो : एकदा नुसता, एकदा मागे ‘यूईएफआय’ लावून. ही दोन रूपे म्हणजे दोन पिढ्यांच्या पद्धती. जुन्या पद्धतीत बायोस ड्राइव्हवरचे पहिले ५१२ बाइट उचलते, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे की नाही ते पाहते आणि डोळे मिटून त्याच्या हवाली होते. नव्या पद्धतीत ती ड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’ नावाच्या कप्प्यात ठराविक नावाची फाइल शोधते. लिनक्स ज्या पद्धतीने घातले असेल तीच नोंद वर आणावी. अलीकडे बहुधा यूईएफआयवाली.

दुसरी मेख ‘फास्ट बूट’. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून काही बायोस यूएसबीची दारे ठोठावतच नाहीत. मग क्रमांक एकवर असूनही पेन-ड्राइव्ह उपेक्षितच राहतो. ती सोय बंद करावी. ‘सिक्युअर बूट’ मात्र घाईने बंद करू नये. उबुंटू किंवा डेबियनसारखी प्रमुख लिनक्स त्याच्यासह चालतात.

तिसरी गोष्ट पेन-ड्राइव्हची. त्यावर नुसते ‘लाइव्ह’ लिनक्स असेल तर यंत्र बंद करताच लिहिलेले सारे विसरते. ओव्यांच्या कामाला हे परवडणारे नाही. म्हणून हार्ड डिस्कवर घालतात तसे संपूर्ण लिनक्स त्यावर घातले. साधा पेन-ड्राइव्ह सततच्या लिखाणाने झिजतो, हेही खरे. ऐपत असेल तर यूएसबीला जोडायची एसएसडी घ्यावी. आमची नव्हती, म्हणून दर शनिवारी प्रत काढतो.

आता धोक्याचे. यंत्र कोणत्याही यूएसबीवरून आपोआप सुरू होते याचा अर्थ, कोणीही आपला पेन-ड्राइव्ह लावून त्याचा ताबा घेऊ शकतो. आत चालती हार्ड डिस्क असेल तर तिच्यावरचा मजकूरही संकेतशब्दावाचून वाचू शकतो, तो मजकूर कूटबद्ध केलेला नसेल तर. १९८६ साली लाहोरहून पसरलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या अशाच पहिल्या कप्प्यात दबा धरून बसे. विसरून यंत्रात राहिलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू झाला की त्याचे काम फत्ते. कार्यालयातल्या, गुणपत्रिकांच्या यंत्रावर हा प्रयोग करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या यंत्रात चोरण्याजोग्या फक्त ओव्या आहेत, तरीही बायोसला संकेतशब्द लावला आणि तो सरांच्या वहीत लिहून ठेवला.

हा क्रम टिकतो कसा, असे एका मैत्रिणीने विचारले. पुष्कळ जुन्या यंत्रांत त्याची राखण नाण्याएवढी एक चपटी बॅटरी करते, सीआर-२०३२. सुरू करताना तारीख भलतीच मागे गेलेली दिसली तर ती बॅटरी संपली असे समजावे. बदलावी, आणि क्रम पुन्हा लावावा. आणखी एक खोड काही बायोसना असते. पेन-ड्राइव्ह काढून यंत्र सुरू केले की त्या त्याची नोंदच पुसतात, आणि परत लावल्यावर त्याला रांगेत शेवटी उभा करतात. यासाठी आमचा पेन-ड्राइव्ह यंत्राच्या मागच्या बाजूला, कोणाचा हात सहज जाणार नाही अशा जागी खोचलेला आहे. त्यावर चिकटपट्टी लावून लिहिले आहे : ‘काढू नये’.