पिण्याच्या पाण्यातील अनियंत्रित रासायनिक प्रदूषके

पिण्याच्या पाण्यातील अनियंत्रित रासायनिक प्रदूषके म्हणजे सार्वजनिक पाणीपुरवठ्यात आढळणारी, परंतु ज्यांच्यासाठी कायद्याने कमाल मर्यादा ठरवलेली नाही अशी रसायने होत. ‘अनियंत्रित’ ही कायद्याची संज्ञा आहे; पदार्थ निरुपद्रवी आहे असा तिचा अर्थ होत नाही, तसा तो घातक आहे असाही होत नाही. मर्यादा नसल्याने पाणीपुरवठा यंत्रणेवर ते रसायन काढून टाकण्याचे बंधन नसते आणि एरवी ते कोणी मोजतही नाही. त्यामुळे असे पाणी सर्व विहित चाचण्यांत उत्तीर्ण ठरू शकते.

अमेरिकेतील कायदा

अमेरिकेत सुरक्षित पेयजल कायदा १९७४ साली झाला. १९९६ च्या दुरुस्तीनुसार नव्या रसायनाला मर्यादा लावण्यापूर्वी पर्यावरण संरक्षण संस्थेला तीन गोष्टींचा निर्णय करावा लागतो : ते आरोग्यास अपायकारक असू शकते काय, चिंता वाटावी इतक्या प्रमाणात व वारंवारतेने ते सार्वजनिक पाण्यात आढळते काय, आणि मर्यादा घातल्याने धोका खरोखर कमी होईल काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही. म्हणून संस्था दर पाच वर्षांनी जास्तीत जास्त ३० अनियंत्रित प्रदूषकांची यादी काढून देशभरातील यंत्रणांकडून त्यांची मोजणी करवून घेते. मोजणी म्हणजे नियंत्रण नव्हे. रसायन सापडले तरी पुरवठा चालूच राहतो.

पीएफओएचे उदाहरण

या प्रक्रियेला किती काळ लागतो हे परफ्लुओरोऑक्टॅनोइक आम्लाच्या (पीएफओए) इतिहासावरून दिसते. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यात टेफ्लॉन बनवण्यासाठी १९५१ पासून हे रसायन वापरले जात होते. कंपनीने १९८४ मध्ये परिसरातील नळाच्या पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत पीएफओए आढळले. ही माहिती पाणी पिणाऱ्यांपर्यंत पोचली नाही. एका शेतकऱ्याची गुरे मरू लागल्यावर वकील रॉबर्ट बिलॉट यांनी १९९९ मध्ये दावा दाखल केला आणि त्यातून कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली. पुढे रहिवाशांच्या सामूहिक दाव्यात २००४ मध्ये तडजोड झाली. तीनुसार सुमारे ६९,००० लोकांचे रक्त तपासण्यात आले. शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र समितीने २०१२ पर्यंत पीएफओएचा सहा विकारांशी संभाव्य संबंध नोंदवला. मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, अवटू ग्रंथीचे विकार आणि गर्भारपणातील उच्च रक्तदाब हे त्यांपैकी होत.

पीएफओएची देशव्यापी मोजणी त्यानंतर, २०१३ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये पीएफओए व तत्सम पीएफओएस यांच्या एकत्रित प्रमाणासाठी लिटरमागे ७० नॅनोग्रॅम हा सल्लावजा, बंधनकारक नसलेला आकडा देण्यात आला. बंधनकारक मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये आली : दोहोंसाठी प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम. १९८४ च्या त्या नमुन्यांना तोवर ४० वर्षे झाली होती. मे २०२५ मध्ये संस्थेने पूर्ततेची मुदत २०२९ ऐवजी २०३१ करण्याचा मानस जाहीर केला.

अग्निबाणांच्या इंधनात व फटाक्यांत वापरले जाणारे परक्लोरेट अवटू ग्रंथीच्या आयोडीन-शोषणात अडथळा आणते. त्याला मर्यादा घालण्याचे २०११ मध्ये ठरले, तो निर्णय २०२० मध्ये मागे घेण्यात आला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ही माघार रद्द ठरवली. मॅसॅच्युसेट्स व कॅलिफोर्निया या राज्यांनी मात्र २००६ व २००७ मध्येच स्वतःच्या मर्यादा लागू केल्या होत्या.

शुद्धीकरण

तुरटी, क्लोरीन आणि उकळणे हे नेहमीचे उपाय गढूळपणा व जंतू यांसाठी आहेत. पीएफओए त्यांनी जात नाही. उकळल्यास पाण्याची वाफ होऊन त्याचे प्रमाण उलट किंचित वाढते. सक्रिय कोळसा, आयन-विनिमय राळ अथवा व्युत्क्रम परासरण (आरओ) यांचा उपयोग होतो. कोळसा व राळ वेळेवर बदलावी लागते, आणि काढलेले रसायन नष्ट न होता त्यांत साठून राहते.

भारत

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० : २०१२ या पेयजल मानकात आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट व काही कीटकनाशके यांच्या मर्यादा आहेत, पीएफओएच्या गटातील रसायनांना त्यात मर्यादा नव्हती. जल जीवन मिशनमध्ये पाण्याची गुणवत्ता याच मानकावर जोखली जाते. इटलीच्या व्हेनेतो प्रांतातील पाणी याच गटातील रसायनांनी दूषित करणारा मितेनी कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला. त्याची यंत्रसामग्री पुढे लिलावात विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथील औद्योगिक वसाहतीत आणण्यात आली.