कमठ कुंभाराच्या दारी

श्रावणात आमच्या जुन्या जालन्यातल्या घरी नवनाथांचं पारायण असतं. लाल कापडातून सोडलेली पोथी, चौरंगावर मूठभर तांदूळ, समईच्या दोन वाती, उदाचा वास, आणि आईचा एका लयीत चाललेला ओवीचा सूर. गेल्या श्रावणात ती सुरोचन गंधर्वाच्या अध्यायावर आली, तेव्हा मागच्या खोलीत पुतण्या संगणकावर डायब्लो खेळत होता. मधेच तो धावत आला आणि मला हाताला धरून आत घेऊन गेला. पडद्यावर एक देवदूत स्वतःच्या हातानं स्वतःचे पंख उपटून काढत होता. प्रकाशाच्या दोऱ्यांसारखे ते पंख एकेक करून विझले आणि तो पेटत्या ताऱ्यासारखा खाली कोसळला. "काका, याला कुणी हाकललं नाही. हा आपला आपण पडला," पुतण्या म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

बाहेर आई वाचत होती, गाढव झालेल्या गंधर्वाची गोष्ट.

त्या दिवसापासून या दोघांनी मला सोडलेलं नाही. स्वर्गातून खाली आलेल्याबद्दल माणसाला एवढी माया का वाटते? चोर पकडला गेला तर आपण हळहळत नाही. मग देवलोकातून घसरलेल्याचं दुःख आपलं कसं होतं?

आधी आपल्या घरातला गंधर्व पाहू. 'नवनाथ भक्तिसार' हा धुंडीसुत मालू यांचा ४० अध्यायांचा ग्रंथ शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरा झाला. मराठवाड्यात ज्या घरात दुसरं एकही पुस्तक नाही त्या घरातही हा सापडतो. त्यातला सुरोचन हा इंद्रसभेतला गंधर्व. मेनकेचं नृत्य चालू असताना त्याचा तोल जातो, भर सभेत तो तिच्या अंगाशी झोंबतो, आणि इंद्र त्याला शाप देतो : पृथ्वीवर गाढव होऊन राहा. मिथिला नगरीतल्या कमठ कुंभाराकडे तो येतो. दिवसभर मातीची ओझी वाहतो. रात्री मात्र माणसाच्या आवाजात मालकाला सांगतो, इथल्या राजाची मुलगी सत्यवती मला बायको करून दे.

कुंभाराचे हाल डोळ्यांपुढे आणा. दारात बांधलेलं जनावर बोलतंय, आणि बोलतंय ते असं, की राजाच्या कानावर गेलं तर मान जाईल. कमठ घाबरून गाव सोडायला निघतो. पण गोष्ट राजापर्यंत पोचतेच. राजा अट घालतो, एका रात्रीत माझी नगरी तांब्याची करून दाखव. गाढव विश्वकर्म्याला साकडं घालतं आणि सकाळी नगरी तांब्याची झालेली असते. राजा शब्दात अडकतो, मुलगी देतो. कुंभार आपला संसार, ती राजकन्या आणि ते गाढव घेऊन अवंतीची वाट धरतो. पुढे सुरोचन आपलं खरं रूप सत्यवतीला दाखवतो आणि त्यांच्या पोटी विक्रम जन्माला येतो. तोच उज्जैनीचा राजा विक्रम.

या गंधर्वाचा स्वभाव मला लहानपणापासून आवडत आला आहे. अंगावर गाढवाचं कातडं, पाठीवर मातीची गोणी, आणि बोलतो मात्र आपल्या मूळच्या ऐटीत. आपण कोण होतो हे तो विसरत नाही, आणि म्हणून कामात अंगचोरीही करत नाही. ओझं वाहतो, मार खातो, वाट पाहतो. अपराध त्याचाच होता आणि तो लहान नव्हता. भरल्या सभेत बाईच्या अंगाला हात घालणं हा आजही गुन्हाच आहे. तरी कुंभाराच्या दारातल्या त्या गाढवाची माया येते.

त्या मायेच्या मुळाशी आपल्या भाषेतला एक शब्द आहे : उःशाप. शाप देणारा रागाच्या भरात शाप देतो आणि त्याच दमात सुटकेची खूणही सांगून ठेवतो. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांनी सनकादिक मुनींना दारात अडवलं. शाप मिळाला, आणि निवडही मिळाली : सात जन्म भक्त होऊन काढा किंवा तीन जन्म वैरी होऊन. त्यांनी तीन जन्मांचं वैर पत्करलं, कारण धन्याच्या दारी लवकर परतायचं होतं. हिरण्यकश्यपू, रावण आणि शिशुपाल यांच्यामागे घरी परतायला आसुसलेला एकच चाकर उभा आहे हे कळल्यावर त्या कथा पुन्हा पहिल्यासारख्या ऐकता येत नाहीत. कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या यक्षानं तर नुसती कामात कसूर केली होती. कुबेरानं त्याला वर्षभरासाठी दूर धाडलं. तो रामगिरीवर दिवस मोजत बसला. तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. म्हणजे स्वर्गीय जगातला सर्वांत लाडका हद्दपार महाराष्ट्रातल्याच एका डोंगरावर ढगाशी बोलला.

यक्ष म्हटलं की मला भोकरदन आठवतं. जालन्याच्या उत्तरेचं हे तालुक्याचं गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. सातवाहन काळात ते व्यापाराच्या मोठ्या वाटेवर होतं, आणि सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत त्याचं नाव कोरलेलं आहे. १९७० च्या दशकात इथं उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला. इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी तिचं विलक्षण साम्य आहे. पॉम्पेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला आधी लक्ष्मी म्हटलं गेलं, पुढे अनेक अभ्यासकांनी यक्षी मानलं. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसनं ते शहर गाडलं, त्याआधीच ती तिथं पोचलेली होती. तिच्या डोक्यात उभं भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा पाय असावी असं म्हणतात. देवलोकातली बाई, आणि काम रोजच्या वापराच्या वस्तूला आधार द्यायचं! आपल्याकडे आकाश आणि अंगण यांत अंतर फारसं नव्हतंच. झाडावर यक्ष, विहिरीवर आसरा, वेशीत म्हसोबा. वरून कुणी पडलं, तर तो परक्या मुलखात पडला असं होत नाही.

ख्रिस्ती परंपरेतला देवदूत मात्र फार उंचावरून पडतो आणि त्याला परतीची वाट नसते. यशया ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात आकाशातून पडलेल्या पहाटताऱ्याचं वर्णन आहे. तो टोमणा मुळात बाबेलच्या राजाला आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात त्या ताऱ्यासाठी 'लुसिफर' हा शब्द आला आणि हळूहळू तेच सैतानाचं नाव होऊन बसलं. या देवदूताच्या पतनाची कथा मराठीत फार लवकर आली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडातून आलेले जेज्वीट गोव्यात राहून मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं. देवदूतांचं बंड आणि लुसिफरचं कोसळणं त्यात आहे. मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' आलं १६६७ मध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी. ज्ञानेश्वरीच्या छंदात लुसिफर आधी पडला, ही गोष्ट आपण शाळेत शिकवायला हवी.

आमच्या जालन्यालाही 'देवदूत' हा शब्द जुना आहे. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती उभारली. नवनाथांची पोथी आणि मराठी बायबल या तालुक्यात शेजारी शेजारी वाचलं गेलं आहे. माझ्या वर्गातला बेथेलकडचा एक मित्र नाताळात देवदूत व्हायचा. त्याचे पुठ्ठ्याचे पंख मी धरून ठेवायचो आणि त्याची आई मागून सुतळी बांधायची.

मिल्टननं लुसिफरला तोंड दिलं, तडफ दिली, अपमान गिळता न येणारा स्वाभिमान दिला. विल्यम ब्लेकला तर वाटलं की मिल्टन नकळत सैतानाच्याच बाजूचा आहे. तिथून हा पडलेला देवदूत नाटकांत, कादंबऱ्यांत, सिनेमांत फिरत फिरत व्हिडिओ गेममध्ये आला.

पुतण्याच्या त्या खेळातल्या देवदूताचं नाव टिरेल. ब्लिझर्ड कंपनीचा 'डायब्लो ३' हा खेळ २०१२ चा. त्याआधी २००० सालच्या 'डायब्लो २' मध्येही टिरेल होता, पण तेव्हा त्याला चेहराच नव्हता. टोपीच्या आत नुसता अंधार आणि पाठीवर प्रकाशाचे पंख. तो न्यायाचा देवदूत. माणसांवर सैतानी टोळ्या चालून येतात तेव्हा स्वर्गाची सभा ठरवते की आपण मधे पडायचं नाही. टिरेल भांडतो. त्याचं कुणी ऐकत नाही. तेव्हा तो ते पंख उपटून टाकतो.

मग ट्रिस्ट्रम गावच्या पडक्या चर्चवर एक तारा कोसळतो, आणि त्या खड्ड्यात सापडतो एक माणूस. टक्कल, सावळा रंग, थकलेले डोळे. आपण कोण हेही त्याला आठवत नाही. त्याच्या तलवारीचे तीन तुकडे झालेले आहेत. हे तुकडे शोधायचे, या अनोळखी माणसाला दुष्टांच्या तावडीतून सोडवून आणायचं, आणि म्हाताऱ्या डेकर्ड केननं सांधलेली तलवार त्याच्या हाती द्यायची, हे सगळं काम खेळणाऱ्याचं. माझ्या पुतण्याचं. त्या घडीला कमठ कुंभार तोच होता.

टिरेलला उःशाप नाही. त्यानं मागितलाही नाही. तो माणसांत राहतो, तळावर त्यांच्याबरोबर उभा असतो, त्यांच्यासारखाच एके दिवशी मरणार असतो. पुढे त्याला स्वर्गाच्या सभेत पुन्हा जागा मिळते, तिथं तो मर्त्य माणूस म्हणूनच बसतो.

याच खेळाच्या चौथ्या भागात, २०२३ मध्ये, दुसरा एक पडलेला देवदूत भेटतो, इनारियस. त्यानं लिलिथ या दानवीबरोबर माणसांचं जग घडवलं आणि त्याबद्दल स्वर्ग त्याला कायमचा बंद झाला. त्याला फक्त परत जायचं आहे. आकाशाकडे हात पसरून तो विनवतो, वरून एक अक्षर येत नाही. घरी जाण्याच्या आशेनं तो पोटच्या पोराला, राथमाला, भाल्यानं मारतो. त्याच्यावर भाव ठेवून नरकात उतरलेले शूर त्याच्या डोळ्यांसमोर पडतात, तरी त्याची नजर वरच असते. शेवटी लिलिथच्या हातून तो तिथंच संपतो. पुतण्याला तो अजिबात आवडत नाही. मला त्याची कीव येते, जवळीक वाटत नाही. त्याचं दुःख यक्षापेक्षा कितीतरी मोठं आहे. पण यक्षाला ढगात सखा दिसला. इनारियसला हजारो माणसांत एकही दिसला नाही.

मला वाटतं, गाठ इथं आहे. पडलेला देवदूत आपल्याला आवडतो तो किती उंचावरून पडला यावरून नाही, खाली तो कुणाचा झाला यावरून. सुरोचनाला कमठ मिळाला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सत्यवती मिळाली. गाढवाच्या हाती दिलेली ती राजकन्या कुंभाराच्या मागोमाग मुलूख ओलांडून गेली. टिरेलला त्या उद्ध्वस्त गावातली माणसं मिळाली.

त्या संध्याकाळी पारायणाचा त्या दिवसाचा भाग संपला, आईनं पोथीला हळदकुंकू वाहिलं. खेळ बंद करून पुतण्याही येऊन बसला होता. विक्रमाचा जन्म झाला, गंधर्वाची मुदत भरली आणि तो स्वर्गात निघून गेला, एवढं त्यानं ऐकलं होतं.

"आज्जी, मग सत्यवतीचं काय?" त्यानं विचारलं.

आईनं पोथी कापडात गुंडाळता गुंडाळता हात थांबवला. चष्मा काढला. "तिला उःशाप नव्हता रे बाबा," ती म्हणाली. "तिनं लेकरू सांभाळलं." मग समईतली वात पुढं सारून ती म्हणाली, "हात धुऊन ये, परसाद घे. पहिला घास बाहेर ठेव. कोण आलेलं असतं दारी, आपल्याला काय माहीत."

पुतण्या सुंठवड्याची चिमूट आणि एक पेढा घेऊन पायरीपर्यंत गेला. कुंडलिका नदीच्या अंगानं पावसाची सर आली होती. पानावर पेढा ठेवून तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, अंधारात बघत.