मुंगसाचे अनेकवचन

कणकवलीत जूनमध्ये पाऊस आणि शाळा जवळपास एकदमच सुरू होतात. पागोळ्या गळत असतात, रेनकोट ओटीवरच्या दांडीवर वाळत घातलेले असतात आणि आतून पाठांतराचा आवाज येत असतो. अशाच एका दुपारी शेजारची एक मुलगी फळांच्या रंगीत तक्त्यावर बोट ठेवून इंग्रजी नावे म्हणत होती. ॲपल झाले, चेरी झाली, मग ती म्हणाली, "जॅकफ्रूट." तिची आजी तांदूळ निवडत बसली होती. चित्राकडे पाहून तिने सहज विचारले, "कापो काय बरको गो?" मुलगी गोंधळली. तक्त्यावर तसे काही लिहिलेले नव्हते. परसात फणसाची तीन झाडे होती आणि त्या प्रश्नाचे उत्तर तिच्या पाठांतरात कुठेच नव्हते.

हा लेख त्या प्रश्नातून सुचला. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले. त्यानंतर सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बसगाड्या वाडीवाडीतून फिरू लागल्या. मुलांना इंग्रजी यावे ही पालकांची इच्छा रास्त आहे, तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. प्रश्न वेगळा आहे. इंग्रजी शब्द कोणत्या वस्तूंना धरून शिकवायचे? सफरचंद कणकवलीच्या बाजारात परमुलखातून येते, इग्लू आणि याक तर चित्राबाहेर कधी भेटतच नाहीत. अनोळखी वस्तू आणि अनोळखी आवाज, असे दोन्ही भार एकदम पडले की शब्द परीक्षेपुरता राहतो. वस्तू ओळखीची असेल, तर शब्दाला टेकायला जागा मिळते. माझे म्हणणे असे, की कोकणातल्या मुलाला इंग्रजी शब्दांसाठी सर्वांत जवळची आणि सर्वांत समृद्ध शाळा म्हणजे त्याच्या घरामागचे पावसाळी रान. कारण त्या रानाची इंग्रजी शब्दसंपत्ती आपण समजतो तितकी परकी नाही.

'रेनफॉरेस्ट' या शब्दापासूनच सुरुवात करू. हा शब्द जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपर यांच्या १८९८ सालच्या ग्रंथातल्या संज्ञेचे भाषांतर आहे. त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९०३ मध्ये आला आणि संज्ञा रूढ झाली. सदाहरित, ओलावाप्रिय, निदान तीस मीटर उंच, जाड वेलींनी आणि झाडांवर वाढणाऱ्या वनस्पतींनी भरलेले अरण्य, असे त्यांनी त्याचे वर्णन केले. शिंपर यांनीच मोसमी पावसाच्या, काही महिने कोरड्या जाणाऱ्या प्रदेशांतल्या अरण्याला वेगळे नाव दिले, मान्सून फॉरेस्ट. आपले रान या दोहोंच्या सीमेवर उभे आहे. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत. म्हणून इथले अरण्य कुठे सदाहरित, तर कुठे निमसदाहरित. कणकवलीहून फोंडाघाट चढून गेले की दाजीपूरचे दाट रान लागते. ते राधानगरी अभयारण्यात मोडते आणि २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी ते एक आहे. तेव्हा रेनफॉरेस्ट पाहण्यासाठी ॲमेझॉनच्या चित्रफितीची गरज नाही, एका एसटीचे तिकीट पुरते.

'जंगल' या शब्दाची गंमत याहून मोठी आहे. इंग्रजीत 'जंगल' म्हटले की वेलींनी गच्च, ओले, अंधारे अरण्य डोळ्यांसमोर येते. हा शब्द इंग्रजीने अठराव्या शतकात भारतातून उचलला. पण त्याचे मूळ असलेला संस्कृत 'जाङ्गल' हा शब्द कोरड्या, विरळ झाडीच्या, उघड्या प्रदेशासाठी होता. आयुर्वेदात देशांचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार सांगितले आहेत. त्या हिशेबाने पाणथळ कोकण 'आनूप' ठरते, 'जांगल' नव्हे. शब्द प्रवासाला निघाला तेव्हा कोरडा होता, वाटेत भिजला. आपल्याकडे अशा ठिकाणांसाठी साधे शब्द होते आणि आहेत: रान, राई, देवराई.

आता या राईत शिरू आणि वरून खाली येऊ. झाडांचे शेंडे एकमेकांत मिसळून जे छत होते त्याला इंग्रजीत 'कॅनपी' म्हणतात. या शब्दाचे मूळ ग्रीक 'कोनोप्स' म्हणजे डास. डास येऊ नयेत म्हणून पलंगावर लावायच्या पडद्यावरून तो छताच्या अर्थापर्यंत आला. थोडक्यात, कॅनपी म्हणजे मूळची मच्छरदाणी. कोकणातल्या कोणत्याही मुलाला हे एकदा सांगितले, की तो शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. त्या छतापर्यंत चढणाऱ्या जाड, लाकडी वेलींना 'लियाना' म्हणतात. फ्रेंच भाषेतल्या बांधणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते लावतात. आपल्याकडची लियाना म्हणजे गारंबी, जिच्या लांबलचक शेंगांतल्या तपकिरी, गुळगुळीत बिया मुले खेळायला जमवतात. खाली जमिनीवर कुजत पडलेला पाचोळा म्हणजे 'लीफ लिटर', आमच्याकडचा पतेरा. आणि पतेऱ्याखालचा तांबडा जांभा म्हणजे 'लॅटराइट'. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतात केरळातल्या अंगडिपुरमच्या दगडाला हे नाव दिले. लॅटिन 'लॅटर' म्हणजे वीट. हा दगड खाणीत मऊ असताना विटेसारखा कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. ज्या मुलाच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, त्याला या लॅटिन शब्दाचे कारण युरोपातल्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळेल.

पुढचा गट याहून जवळचा, कारण हे शब्द इथूनच गेलेले आहेत. मलयाळममधला 'चक्क' म्हणजे फणस. पोर्तुगीजांनी त्याचे 'जाका' केले आणि इंग्रजांनी 'जॅक'. त्या फळाचा जॅक नावाच्या कोणा मुलाशी संबंध नाही. सागाचे 'टीक', काथ्याचे 'कॉयर', सुपारीचे 'अरेका', विड्याच्या पानाचे 'बीटल' हे सारे शब्द मलबारच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज गलबतांत बसून गेले. 'कोप्रा' तर आपल्या खोबऱ्याचाच भाऊ. जांभळाचे 'जांबोलन' झाले ते पोर्तुगीज रूपावरून. आपण ज्याला रातांबा किंवा भिरंड म्हणतो, त्या 'भिरंड'चे पोर्तुगीजांनी 'ब्रिंदांव' केले आणि फ्रेंचांनी त्यावरून झाडाचे नाव घडवले.

हे शब्द नेले कोणी? नावाडी आणि व्यापारी यांनी तर नेलेच, पण दोन ग्रंथांचा उल्लेख करायला हवा. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात आपला संवादरूप ग्रंथ छापला. त्यात आंबा, फणस, जांभूळ, भिरंड यांची चर्चा आहे. त्यानंतर शतकभराने कोचीनचे डच अधिकारी व्हान रीड यांनी 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या कामात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोकणी भाषक वैद्यही होते. त्यांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे आणि चित्रांवर वनस्पतींची नावे इतर लिप्यांबरोबर नागरीतही आहेत. ज्या गारंबीच्या बिया मुले खेळतात, तिच्या शास्त्रीय नावातला 'रीडी' हा भाग याच व्हान रीड यांच्या स्मरणार्थ आहे. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राच्या त्या पायात आपल्या किनाऱ्याच्या बोलींची माती आहे, हे इंग्रजीच्या तासाला कोणी सांगत नाही.

काही शब्द मात्र इंग्रजीने आणि मराठीने एकाच तिसऱ्या रानातून घेतले. काजू हे झाड ब्राझीलचे. तिथल्या तुपी भाषेतल्या 'अकाजू' या शब्दाचे पोर्तुगीजांनी 'काजू' केले, तो आपल्याकडे जवळपास जसाच्या तसा राहिला आणि इंग्रजीत 'कॅशू' झाला. म्हणजे काजू आणि कॅशू ही दोन मावसभावंडे. अननसाच्या बाबतीत तर आपण इंग्रजीच्या पुढे आहोत. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा शब्द मराठीने जपला. इंग्रजीने मात्र पाइनच्या बोंडासारखे दिसते म्हणून त्याला 'पाइनॲपल' म्हटले. रेनफॉरेस्टचा अस्सल शब्द इथे आपल्या तोंडी आहे.

इतके सांगितल्यावर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सगळे शब्द एकास एक जुळत नाहीत आणि जुळवण्याचा हट्ट धरला की दोन्ही भाषांचे नुकसान होते. 'जॅकफ्रूट' हा एक शब्द. आपल्याकडे कोवळी ती कुयरी, पिकल्यावर घट्ट गऱ्यांचा तो कापा, बुळबुळीत रसाळ गऱ्यांचा तो बरका, आतले बी ती आठळी. पहिल्या पावसात व्हाळातून वर चढणारे चढणीचे मासे, कातळाचा सडा, यांसाठी इंग्रजीत वर्णन करावे लागते, सुटसुटीत शब्द मिळत नाही. उलट बाजूही आहे. आपण सरसकट 'कासव' म्हणतो. मालवणच्या वाळूत अंडी घालायला येणारे ते 'टर्टल' आणि जमिनीवर राहणारे ते 'टॉर्टस' असा फरक इंग्रजी करते. बेडकातही 'फ्रॉग' आणि 'टोड' वेगळे. दुसरी भाषा आपल्याला ओळखीच्या प्राण्याकडे पुन्हा एकदा बघायला लावते, हा तिचा खरा उपयोग आहे. आंबोलीच्या कातळावरचा चिमुकला टोड २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदवला गेला आणि इंग्रजीत त्याचे नावच 'आंबोली टोड' आहे. हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळाले, त्यात हिरण्यकेशी जशीच्या तशी आहे, आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. शब्द जाण्याचा तो जुना प्रवाह अजून आटलेला नाही.

मग वर्गात काय करायचे? फार काही लागत नाही. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात घरचा शब्द, मालवणी असेल तर मालवणीच, 'शुद्ध' करून घेऊ नये. दुसऱ्यात इंग्रजी शब्द. तिसऱ्यात त्या शब्दाने वस्तूचे काय पाहिले ते. धनेश हा 'हॉर्नबिल', कारण इंग्रजीने चोचीवरचे शिंग पाहिले. सुतारपक्षी हा 'वुडपेकर': आपण त्याचा धंदा पाहिला, त्यांनी त्याची टोच पाहिली. तिसरा रकाना भरताना मुले जे बोलतात, तेच भाषाशिक्षण. पहिला रकाना भरण्यासाठी त्यांना आजी-आजोबांकडे जावे लागते, आणि कुयरीपासून आठळीपर्यंतचे शब्द आणखी एका पिढीच्या कानावर पडतात. पावसाळा सरल्यावर एक फेरी गावच्या देवराईत काढावी. तिथले पान किंवा वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा अनेक गावांतला जुना रिवाज आहे. तो या कामाला सोयीचाच, कारण मग मुले हाताने गोळा करत नाहीत, डोळ्यांनी टिपतात.

शेवटी मुंगूस. इंग्रजी 'मॉन्गूस' हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागतो आणि कोशकार त्याचा माग मराठी 'मुंगूस'पर्यंत नेतात. त्यामागेही तेलुगू-कन्नडमधली भावंडे आहेत. इंग्रजांच्या कानाला शेवटचे 'गूस' ओळखीचे वाटले आणि बदकाच्या जातीच्या त्या पक्ष्याचेच स्पेलिंग त्याला चिकटले, जसे फणसाला 'जॅक' चिकटले. यात हसण्यासारखे काही नाही, आपणही अफोन्सोचा हापूस केला. पण त्यामुळे इंग्रजी शिकणारी जगभरची मुले एका प्रश्नाशी अडखळतात: गूसचे अनेकवचन 'गीस', मग मॉन्गूसचे 'मॉन्गीस' का नाही? उत्तर असे, की त्यात गूस नाहीच, तो मराठी शब्द आहे. म्हणून अनेकवचन साधे, 'मॉन्गूसेस'.

शेजारच्या मुलीला मी हे सांगितले, तेव्हा तिने आधी परसाकडे पाहिले. फणसाखालच्या गडग्यावरून एक मुंगूस रोज दुपारी जाते, ते तिला ठाऊक होते. मग तिने वहीत तो शब्द लिहिला आणि आजीला विचारले, "आजये, आपलो फणस कापो काय बरको?" आजीने तांदळातून मान वर न करता सांगितले, "दोन कापे, एक बरको. तिसरो रकानो खंय हा, थंय लिही."