क्रेडिट कार्डचं बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे काय? खरंच पैसे वाचतात का?

क्रेडिट कार्डचं बिल आलं की ॲपमध्ये दोन आकडे दिसतात. एक 'टोटल ड्यू' आणि दुसरा 'मिनिमम ड्यू'. बरेच जण छोटा आकडा भरतात आणि या महिन्याचं टेन्शन गेलं असं समजतात. लेट फी लागत नाही हे खरं, पण व्याजाचं मीटर चालूच राहतं.

आधी हिशोब बघूया

समजा तुमच्या कार्डवर ६०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. एका महिन्याचं व्याज झालं २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८ रुपये. एकूण २,४७८.

आता तुम्ही ५ टक्के मिनिमम ड्यू, म्हणजे ३,००० रुपये भरले. त्यातून मूळ कर्ज कमी झालं फक्त ५२२ रुपयांनी! शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. आज चहा-नाश्त्याला कार्ड स्वाइप केलं, तरी त्यावर आजपासूनच व्याज.

बॅलन्स ट्रान्सफर कसं काम करतं?

सोपं आहे. दुसऱ्या बँकेचं कार्ड तुमच्याकडे असेल, तर ती बँक तुमच्या जुन्या कार्डची थकबाकी भरते. ते कर्ज आता नव्या कार्डवर येतं, पण ठराविक महिन्यांसाठी कमी व्याजाने. बहुतेक वेळा ईएमआय करून मिळतात. नव्या कार्डच्या लिमिटमध्ये बसेल तेवढीच रक्कम ट्रान्सफर होते आणि तेवढं लिमिट अडकून राहतं.

वरचंच उदाहरण घेऊ. नवी बँक ६ महिन्यांसाठी महिन्याला १ टक्का व्याज आणि २ टक्के प्रोसेसिंग फी घेते असं धरा.

- प्रोसेसिंग फी जीएसटीसकट: १,४१६ रुपये
- सहा महिन्यांचं व्याज जीएसटीसकट: सुमारे २,५०० रुपये
- एकूण खर्च: सुमारे ३,९०० रुपये

हेच कर्ज जुन्या कार्डवर सहा समान हप्त्यांत फेडलं असतं, तर खर्च सुमारे ९,००० रुपये आला असता. म्हणजे जवळपास ५,००० रुपये वाचले. पण लक्षात घ्या, यात दर महिन्याला साधारण १०,४०० रुपये भरायची तयारी हवी. तेवढं जमणार नसेल तर जास्त महिन्यांची ऑफर बघा, मात्र हिशोब पुन्हा मांडा.

'हो' म्हणण्याआधी हे तपासा

१. '०ٔ% व्याज' लिहिलंय? मग प्रोसेसिंग फी बघा. खरी किंमत बहुतेक तिथेच असते.

२. व्याज फ्लॅट आहे की रिड्युसिंग? ६०,००० वर फ्लॅट १ टक्का म्हणजे सहा महिन्यांत ३,६०० रुपये व्याज. कर्ज कमी होत गेलं तरी व्याज पूर्ण रकमेवरच. खरा दर पडतो महिन्याला सुमारे १.७ टक्के.

३. मुदत संपल्यावर काय? ईएमआय नसलेल्या ऑफरमध्ये उरलेल्या रकमेवर कार्डचं नेहमीचं व्याज सुरू होतं.

४. जुनं बिल थांबवू नका. जुन्या कार्डवर पैसे जमा झाल्याचं दिसेपर्यंत तिथली तारीख चुकवू नका. ट्रान्सफरला काही दिवस लागतात, आणि उशीर झाला तर फटका तुमच्या क्रेडिट स्कोअरला.

फसवणूक कशी ओळखायची?

बँकेला पैसे भरण्यासाठी तुमच्या जुन्या कार्डचा नंबर लागतो. त्याचा सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी लागत नाही. फोनवर कुणी 'बॅलन्स ट्रान्सफर करून देतो' म्हणत ओटीपी मागितला, व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवली किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितलं, तर सरळ फोन ठेवा. ऑफर खरी असेल तर ती बँकेच्या अधिकृत ॲपमध्ये दिसेल, किंवा कार्डच्या मागच्या नंबरवर फोन करून विचारता येईल. पैसे गेलेच तर लगेच आपल्या बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मग करावं की नाही?

पगारातून हप्ता नक्की निघणार असेल, तर करा. हप्ता भरेपर्यंत जुनं कार्ड शॉपिंग ॲप्समधून काढून टाका, कारण रिकामं झालेलं लिमिट पुन्हा वापरलं तर एकाच्या जागी दोन कर्जं होतील. जुनं कार्ड बंदच करायचं असेल, तर सगळी बाकी शून्य झाल्यावर अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करायला हवं. नाही केलं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा असतो.

बॅलन्स ट्रान्सफरने कर्ज फिटत नाही, फक्त ते स्वस्त होतं. फेडायचं तर तुम्हालाच आहे. म्हणून आज ॲप उघडा, थकबाकी आणि व्याजदर बघा आणि कॅल्क्युलेटरवर हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करून पाहा.