गाडीच्या रंगावरचे न दिसणारे पांघरूण

नवी चारचाकी दारात आली, की पहिला आठवडा घरातली पोरेसोरे तिला पुसत बसतात. मग ती काटई-बदलापूर रस्त्याला लागते, पुढे खडीचा डंपर असतो, आणि घरी येऊन पाहावे तो बॉनेटवर ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला. यावर हल्ली एक उपाय सुचवला जातो: रंगावर पारदर्शक फिल्म चढवण्याचा. तिला ‘पीपीएफ’ म्हणतात. पोस्टातल्या बचतीच्या खात्याशी या नावाचा काही संबंध नाही. इथे पैसे साठत नाहीत, जातात. म्हणून आधी वस्तू समजून घ्यावी.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजत, तेव्हा त्यांवर अशी चिवट पट्टी चिकटवू लागले. तीच पुढे सुधारून मोटारींवर आली. गाडीच्या मूळ रंगाचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग भरते. चांगली फिल्म त्याच्या दीडपट ते दुप्पट जाड असते. ती रबरासारखी ताणते, म्हणून खड्याचा मार स्वतः सोसते. तिच्यावर उठलेले बारीक ओरखडे उन्हाने किंवा कोमट पाण्याने आपोआप भरून येतात. खोल चीर मात्र भरत नाही.

एवढे ऐकून कोणी सगळी गाडी मढवायला निघेल. जरा थांबावे. मोठ्या गाडीला हा खर्च लाखाच्या घरात जातो, म्हणजे दारात एक चांगली दुभती म्हैस उभी राहील. आमच्या मते शेतकऱ्याच्या घरी बॉनेट, पुढचा बंपर, आरसे आणि दारांच्या कडा झाकल्या तरी पुष्कळ. खडी लागते ती तिथेच. पोचा, गंज आणि पूर यांपुढे फिल्मचे काही चालत नाही. 2005, 2019 आणि 2021 च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. असे पाणी इंजिनात गेले, तर वरचा रंग शाबूत राहून काय उपयोग?

स्वस्त फिल्मपासून सावध राहावे. ‘पीव्हीसी’ची फिल्म लवकर पिवळी पडते, कडक होते, आणि काढताना डिंक मागे ठेवते. ‘टीपीयू’ची मागावी आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. अपघातानंतर पत्रा पुन्हा रंगवलेला असेल, तर कारागिराला आधीच सांगावे. असा रंग कच्चा असल्यास फिल्म काढताना तिच्याबरोबर सोलून येतो.

काम बंद, धूळ नसलेल्या खोलीतच व्हावे. रस्त्याच्या कडेला झाडाखाली नव्हे. गाडी धुऊन, रंगात रुतलेले कण काढून, साबणाचे पाणी मारून फिल्म पसरतात आणि रबरी पट्टीने आतले पाणी बाहेर लोटतात. खाली धुळीचा एक कण राहिला तरी तो कायमचा दिसतो. पाण्याचे बारीक फुगे मात्र काही दिवसांत सुकून जातात. त्यांना टाचणी टोचू नये. आठवडाभर गाडी धुवू नये.

पुढची निगा बायामाणसांनाही जमेल अशी आहे. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर, रॉकेल वर्ज्य. धूळ कोरड्या फडक्याने किंवा गोणपाटाने पुसली, की खडे रंगावर घासतात. आधी पाणी ओतावे, मग गाड्यांचा सौम्य शाम्पू आणि मऊ कापड घ्यावे. सर्व्हिसिंगवाल्याला जोराच्या पाण्याचा फवारा कडांपासून हातभर लांब धरायला सांगावे, नाहीतर फिल्म तिथून उचलते. बदलापूरकडे जांभळाला तोटा नाही, पण उन्हाळ्याच्या शेवटी त्या झाडाखाली गाडी लावू नये. जांभळाचा रस किंवा पक्ष्याची विष्ठा पडली, तर ओले फडके पाच मिनिटे ठेवून अलगद टिपावी. वाळल्यावर खरवडू नये.

आणि दसऱ्याची पूजा. हळदीचा हात बॉनेटवर उमटवू नये, प्लॅस्टिक हळदीचा रंग पकडून ठेवते. हळदकुंकू काचेच्या कोपऱ्यावर वाहावे आणि झेंडूची ओली माळ संध्याकाळीच उतरवून घ्यावी.