नऊ अधिक सहा अधिक शून्य!

सहलीला जायचं ठरलं, की आपण आधी काय विचारतो? "अजून कोण कोण येतंय?" एकट्यानं जाण्यात कसली आलीय मजा! अमेरिकेतले शिकारीही हेच म्हणतात. पण तिथं सोबत जायचं तर आधी एक गणित सोडवावं लागतं.

'शिकारी' वाचून दचकलात ना? साहजिक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आणली. तिकडची रीत वेगळी. एल्क हा आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. बेसुमार शिकारीमुळे १९१० च्या सुमारास कोलोरॅडो राज्यात तो जेमतेम हजारभर उरला होता. मग वायोमिंगहून कळप आणून सोडले, शिकारीला लगाम घातला. आज तिथं अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत! त्यातले किती मारू द्यायचे, हे दरवर्षी सरकार भागाभागानुसार ठरवतं आणि त्या हिशोबानं परवाने काढतं. मारलेल्या जनावराचं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे, बरं का!

चांगल्या भागांत परवाने थोडे, अर्ज ढीगभर. म्हणून सोडत. नंबर लागला नाही, तर वर्षाला एक गुण साठवता येतो. गुण जास्त, त्याचा नंबर आधी.

आता आपलं गणित. समजा, दुसऱ्या राज्यातलं एक कुटुंब वायोमिंगमध्ये एल्कसाठी एकत्र अर्ज करतंय. आजोबांचे गुण ९, बाबांचे ६ आणि बारा वर्षांची नात पहिल्यांदाच येतेय, म्हणून तिचे ०. वायोमिंगमध्ये गटाची सरासरी काढतात. बेरीज १५, भागिले ३, म्हणजे ५. आजोबांची चार वर्षं गेली की वाया! कोलोरॅडोची रीत तर याहून कडक. तिथं गटात ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तेच अख्ख्या गटाचे. म्हणजे शून्य! अ‍ॅरिझोनात चौघांपर्यंत एकत्र अर्ज करता येतो. पण तीनच परवाने उरले असतील आणि गट चौघांचा असेल, तर चौघंही बाहेर. एकाला घरी ठेवून तिघांना पाठवणं नाही. मला तर हा नियम आवडला.

मग आजोबांनी एकट्यानं अर्ज करावा? की नात गुण साठवेपर्यंत थांबावं? पण तिचे नऊ गुण होतील तेव्हा ती एकवीस वर्षांची असेल, आणि आजोबांच्या गुडघ्यांचं काय? चढायचे डोंगर तर आठ-नऊ हजार फुटांचे!

अशा वेळी एक तोड असते. जिथं फारशी मागणी नाही, जिथं कमी गुणांवरही नंबर लागतो, असा भाग निवडायचा आणि तिघांनी मिळून अर्ज भरायचा. तिथं मोठ्या शिंगांचा एल्क दिसेलच असं नाही. आणि पहिल्या पसंतीचा परवाना लागला, की आजोबांचे नऊच्या नऊ गुण खर्ची!

आजोबांच्या जागी तुम्ही असतात, तर कुठला अर्ज भरला असतात?