‘समूह’ म्हणजे नेमके कोण?



मागच्या महिन्यात आमच्या गट कार्यालयात एक सभासद आपल्या मुलाचा नेमणुकीचा कागद घेऊन आले. पोरगा चाकणला कामाला लागलेला. म्हणाले, "साहेब, मोठ्या ग्रुपमधी लागला म्हणून आम्ही गावात पेढं वाटलं. आता दोन महिनं पगार नाही. दाद मागायची कुणाकडं?" कागद उलटसुलट करून पाहिला. त्या बड्या नावाचा त्यावर मागमूस नव्हता. वर नाव होते माणसे पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचे. फाटकावरची पाटी एकाची, अंगातला गणवेश दुसऱ्याचा आणि पगार देणारा तिसराच!

ग्रुप, समूह, घराणे हे शब्द आपण रोज वापरतो. त्यांचा अर्थ एकदा नीट पाहून घ्यावा, असे त्या दिवशी आमच्या मनात आले.

पिंपरीच्या माळावर १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना आला तो सरकारी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. पुढे १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, जमिनी गेल्या, टाटांची टेल्को आली, आकुर्डीत बजाज आले. त्या काळी ‘समूह’ कोणी म्हणत नसे. पोरगा ‘टेल्कोत’ असायचा, नाहीतर ‘बजाजमध्ये’. वर्तमानपत्रे मात्र लिहीत ‘बडी घराणी’. हा शब्द आपल्या ओळखीचा. गवयाचे घराणे असते, सरदाराचे असते. घराणे म्हटले की रक्ताचे नाते आले, वारस आला, भाऊबंदकीही आली.

त्या घराण्यांवर सरकारचा डोळा होता. १९६९ साली मक्तेदारीविरोधी कायदा झाला. एकमेकींशी जोडलेल्या कंपन्यांची मालमत्ता मिळून २० कोटींच्या वर गेली की नवा कारखाना काढायला किंवा जुना वाढवायला दिल्लीची खास परवानगी लागे. कंपन्या कागदावर वेगवेगळ्या असल्या तरी मागचा धनी एकच आहे का, हे कायदाच विचारीत असे. १९८५ साली ती मर्यादा १०० कोटी झाली आणि १९९१ साली ती अटच गेली. ‘घराणे’ शब्द पुढे मागे पडत गेला आणि ‘उद्योगसमूह’ रूढ झाला. आम्हाला विचाराल तर जुना शब्दच खरा होता. घराणे म्हटले की मालक कोण, ते निदान कळायचे. समूह म्हटले की नुसती गर्दी डोळ्यापुढे येते, धनी दिसत नाही.

कोरियन लोकांनी मात्र आपला जुना शब्द सोडलेला नाही. त्यांच्याकडे अशा घराण्यांना ‘चेबोल’ म्हणतात. शब्दाचे दोन तुकडे, एकाचा अर्थ धन आणि दुसऱ्याचा बलाढ्य घराणे किंवा गट. जपानी ‘झायबात्सु’ हा शब्दही त्याच दोन अक्षरांचा, फक्त उच्चार वेगळा. मित्सुई, मित्सुबिशी ही ती घराणी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांनी त्यांच्या वरच्या मालक कंपन्या मोडल्या. कोरियात तसे घडले नाही. तिथले सरकार आजही दरवर्षी मोठ्या गटांची यादी काढते आणि प्रत्येक गटाचा खरा ताबा कोणाकडे, त्याचे नावही जाहीर करते. ताबा ठेवण्याची युक्ती पाहा. पहिल्या कंपनीचे भाग दुसरीकडे, दुसरीचे तिसरीकडे आणि तिसरीचे परत पहिलीकडे. ह्युंदाईच्या मोटारी, किया आणि मोबिस यांची अशीच साखळी आहे. थोडे स्वतःचे भांडवल घालून मोठा पसारा हाती राहतो.

आता हे आपल्या दाराशी कसे आले ते सांगतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना ह्युंदाईने घेतला, करार २०२३ साली झाला. चाकणलाही ह्युंदाईचे नाव आहे, तिथे खोदाईची यंत्रे होतात. दोन्ही पाट्या एकाच घरच्या वाटतील. पण २००० च्या सुमारास कोरियात त्या घरात वाटण्या झाल्या. मोटारीवाले वेगळे निघाले, जहाजे आणि यंत्रेवाले वेगळे. नाव एक, चुली दोन. (ही यंत्रे दिसली की आपण सर्रास ‘पोकलेन’ म्हणतो. ते एका फ्रेंच कंपनीचे नाव! आणि जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफोर्ड या इंग्रज कारखानदाराची आद्याक्षरे. यंत्राला मालकाचे नाव आपण बिनदिक्कत देतो, मालक कोण हे मात्र विचारत नाही.)

आपल्या आकुर्डीतही हेच. ‘बजाज टेम्पो’ कित्येक वर्षे बजाजचाच समजला जाई, पण तो चालवीत होते फिरोदिया. २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स झाले तेव्हा पुष्कळांना उलगडा झाला. खुद्द बजाज ऑटोच्याही २००८ साली तीन कंपन्या झाल्या. गाड्यांची वेगळी, वित्ताची वेगळी आणि गुंतवणुकीची वेगळी. टाटांची तऱ्हा आणखी निराळी. सगळ्यांच्या वर टाटा सन्स आणि तिचे सुमारे ६६ टक्के भाग धर्मादाय ट्रस्टांकडे.

मुद्दा असा, की कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे. एक कंपनी दुसरीच्या निम्म्याहून जास्त मतांची धनी असली, तर दुसरी तिची उपकंपनी होते. तरीही एकीचे देणे आपोआप दुसरीच्या अंगावर येत नाही. ‘समूहा’वर दावा लावता येत नाही. दावा लावायचा तर ज्याची सही आणि शिक्का कागदावर आहे त्याच्यावर. मोठे नाव पाहून कोणी ठेव ठेवली, जमीन भाड्याने दिली किंवा वाहतुकीला ट्रॅक्टर लावला, तरी वसुलीच्या वेळी ते नाव कामी येईलच असे नाही.

आपल्या उसातही आता हा शब्द शिरला आहे. साखर कारखाने विकत घेणारे, चालवायला घेणारे समूह आहेत आणि तिथेही ऊस घालणारे आपलेच भाऊबंद आहेत. चौदा दिवसांत बिल देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस आदेशाने खाजगी आणि सहकारी दोघांवरही घातले आहे. पण वजनाची पावती कोणत्या कंपनीच्या नावाची, हे वाहन काट्यावरून उतरायच्या आतच पाहावे. आपल्या कारखान्यात भाग एक असो की दहा, मत एकच. म्हणून आपल्याला धनी शोधत फिरावे लागत नाही. वार्षिक सभेत तो समोरच बसलेला असतो आणि कधी कधी नको इतका बोलतो!

राहिली त्या पोराची गोष्ट. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ कारखानदाराने द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या कामगार संहितेतही ती आहे. फक्त मूळ कारखानदार म्हणजे पाटीवरचा समूह नव्हे, ज्या कंपनीने कंत्राट दिले ती. आम्ही त्या सभासदांना हजेरीकार्ड, फाटकाचा पास आणि बँकेचा उतारा घेऊन यायला सांगितले. पासावर बारीक अक्षरात कंपनीचे पूर्ण नाव निघाले. ते आमच्यापैकी कोणीच आधी ऐकलेले नव्हते. त्या नावाने अर्ज लिहून कामगार कार्यालयाकडे पाठवला आहे.